नागरी अक्षरं दिसली म्हणून नाणं मराठ्यांचं?

मागच्या भागानंतर तंजावरच्या एका मराठी काकांनी फोटो पाठवला. घरातल्या डब्यात सापडलेलं तांब्याचं नाणं, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. "यावर देवनागरी आहे, म्हणजे हे आपल्या भोसल्यांचंच ना?"

प्रश्न रास्त आहे. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तिथे नागरी अक्षर दिसलं की आपला हात आपोआप मिशीवर जातो.

पण मी फोटो मोठा करून पाहिला. एका बाजूला उभी आकृती, दुसऱ्या बाजूला बसलेली. बसलेल्या आकृतीच्या डाव्या हाताखाली, एकाखाली एक, अक्षरं: श्री राजराज. 'ज' आजच्यापेक्षा जरा वेगळा, तरी वाचता येतो. म्हणजे हा राजराज चोळ, राज्यकाळ 985 ते 1014. ते देऊळही त्यानेच बांधलं, 1010 च्या सुमारास. एकोजी राजे तंजावरला आले ते त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी!

तमिळ राजाच्या नाण्यावर नागरी कशी? नागरी ही तेव्हा मराठीची मक्तेदारी नव्हती. दख्खनमध्ये संस्कृतसाठी ती वापरात होती, आणि 'राजराज' हा संस्कृत किताब आहे.

नुसत्या चित्रावरही जाऊ नका. श्रीलंकेच्या राजांनी हाच साचा उचलला. तीच उभी-बसलेली जोडी, पण नाव पराक्रमबाहू किंवा राणी लीलावती, तेही नागरीतच. आणि शिवराई असेल तर आकृती नसतेच; एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'.

आता अडचण अशी की ही नाणी हाताने ठोकलेली. खालचा ठसा ऐरणीत पक्का, वर तांब्याची चकती, त्यावर वरचा ठसा धरून हातोडा. चकती जरा सरकली की अर्धं नाव बाहेर. काकांच्या नाण्यावर दुसरा 'ज' असाच कडेला गेलाय.

म्हणून उरलेली अक्षरं जपायची. मी लहानपणी एक शिवराई चिंचेने घासून लख्ख केली होती. 'छत्र' गेलं, 'पति' राहिलं. काकांना तेवढंच कळवलंय: चिंच स्वयंपाकघरातच असू द्या.