चाल जुनी, गाणे नवे

मुलांनो, मराठीत गाण्याच्या सुरावटीला 'चाल' म्हणतात. उर्दूत 'चाल' म्हटले, की तुम्हांला कोणाची तरी चालण्याची ढब आठवेल, नाहीतर बुद्धिबळातील खेळी आठवेल. येथे अर्थ वेगळा आहे. तुम्ही जिला 'धुन' किंवा 'तर्ज' म्हणता, तीच ही चाल. हा शब्द नीट ध्यानात ठेवा, कारण या पाठात तो पुनःपुन्हा येणार आहे. आपण अमेरिकेतील काही देशभक्तिपर गीतांची आणि लोकगीतांची हकिकत पाहणार आहोत. त्यांतील बहुतेक गाण्यांची चाल दुसऱ्याच एखाद्या गाण्यावरून घेतलेली आहे. शिवाय गाणे ज्यांनी रचले त्यांच्यापाशीच ते राहिले असेही नाही. ज्यांना त्यात जागा नव्हती, तेही पुढे ते गाऊ लागले.

'यांकी डूडल' हे छोटे गाणे पाहा. अमेरिका ही इंग्रजांची वसाहत होती, तेव्हा इंग्रज सैनिक तेथील गावंढळ शिपायांची थट्टा करण्यासाठी हे गाणे म्हणत. पुढे वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच शिपायांनी ते चिडवण्याचे गाणे अभिमानाने स्वतःचे केले. १७८१ साली यॉर्कटाउन येथे इंग्रजांना शरण यावे लागले. तोपर्यंत गाणे पुरते अमेरिकन झाले होते.

आता अमेरिकेच्या राष्ट्रगीताकडे वळू. १८१२ साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात दुसऱ्यांदा युद्ध पेटले. १८१४ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्रजांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये शिरून राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले. परत जाताना त्यांनी विल्यम बीन्स नावाच्या एका वृद्ध डॉक्टरांना कैद करून नेले. त्यांची सुटका करण्यासाठी फ्रान्सिस स्कॉट की नावाचे वकील इंग्रजांच्या आरमाराकडे गेले. इंग्रज अधिकाऱ्यांनी डॉक्टरांना सोडण्याचे मान्य केले. परंतु त्याच वेळी बाल्टिमोर शहरावर हल्ला होणार होता. बातमी फुटू नये म्हणून हल्ला संपेपर्यंत या मंडळींना तेथेच थांबवून ठेवण्यात आले.

१३ सप्टेंबरला सकाळी बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला. तो सुमारे २५ तास चालला. की जहाजावरून पाहत होते. रात्री बाँबच्या उजेडात किल्ला क्षणभर दिसे आणि पुन्हा अंधारात बुडून जाई. मग मारा थांबला. किल्ला पडला की टिकला, हे कळायला मार्ग नव्हता. १४ तारखेला उजाडले, तेव्हा किल्ल्यावर अमेरिकेचाच झेंडा फडकत होता. कींनी तेथल्या तेथे कवितेच्या ओळी टिपून घेतल्या. थोड्याच दिवसांत ती कविता छापून बाल्टिमोरभर वाटली गेली.

हा झेंडा ४२ फूट लांब आणि ३० फूट रुंद होता. तो मेरी पिकर्सगिल या विधवा बाईंनी शिवला होता. एवढे कापड पसरायला घरात जागा पुरेना, म्हणून त्यांनी शेजारच्या दारू गाळण्याच्या कारखान्यातील मोकळी जमीन मागून घेतली. त्यांच्या हाताखाली घरातल्या मुली होत्या, तशीच ग्रेस विशर नावाची एक कृष्णवर्णीय मुलगीही होती. ती कराराने बांधलेली शिकाऊ कामगार होती. आज तो झेंडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. पिकर्सगिलबाईंचे नाव पुष्कळांना माहीत आहे, ग्रेसचे मात्र फार थोड्यांना.

कींच्या कवितेला चाल कोणती मिळाली? लंडनमध्ये हौशी गायकांचे एक मंडळ होते. त्यांच्या बैठकीत, मेजवानीत म्हणायचे एक गाणे होते. जॉन स्टॅफर्ड स्मिथ या इंग्रज संगीतकाराने त्याला चाल लावली होती. ती अमेरिकेतही सर्वांच्या तोंडी होती. म्हणजे ज्या शत्रूने किल्ल्यावर बाँब टाकले, त्याच शत्रूच्या मेजवानीतील चालीवर विजयाचे गीत उभे राहिले! ही चाल फार उंच चढते. सामान्य माणसाचा आवाज मध्येच फाटतो, अशी तक्रार अमेरिकन लोक आजही करतात. ३ मार्च १९३१ रोजी कायदा होऊन हे गीत अधिकृत राष्ट्रगीत झाले.

गीतात अमेरिकेला स्वतंत्र लोकांची भूमी म्हटले आहे. पण ते लिहिणाऱ्या कींच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. त्याच युद्धात इंग्रजांनी पळून येणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य देऊ केले होते. त्यामुळे कित्येक गुलाम मालकांकडून पळाले आणि इंग्रजांच्या बाजूने लढले. कींच्या कवितेतील तिसऱ्या कडव्यात 'गुलाम' हा शब्द येतो, आणि तो दयेने आलेला नाही. ते कडवे आता सहसा कोणी म्हणत नाही. २०१६ साली कॉलिन कॅपरनिक हा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू सामन्यापूर्वी राष्ट्रगीत चालू असताना उभा न राहता गुडघ्यावर बसला. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अन्यायाकडे त्याला लक्ष वेधायचे होते. त्यावर देशभर वाद झाला. हा राष्ट्रगीताचा अपमान आहे असे पुष्कळांना वाटले, तर गीतात जे वचन आहे तेच तो मागत आहे असे इतरांना वाटले. मला दुसरे म्हणणे अधिक पटते.

गुलाम लोकांची स्वतःची गाणीही होती. दिवसभर कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतात राबताना ते गात. कित्येक राज्यांत त्यांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. त्यामुळे ही गाणी कागदावर नव्हती. आईकडून लेकराकडे ती कानांनीच गेली. इजिप्तच्या फिरऔनच्या तावडीतून हजरत मूसांनी आपल्या लोकांना सोडवले, ही हकिकत तुम्हांला माहीत आहे. बायबलमधील तीच हकिकत या गाण्यांत वारंवार येते. ऐकणाऱ्या मालकाला ते धर्मगीत वाटे, गाणाऱ्याला त्यात स्वतःची सुटका दिसे. मेरिलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढे पळून जाऊन मोठे वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपले चरित्र लिहिले. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत असे समजणारी माणसे त्यांना भेटली होती. डग्लस यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की गुलाम सर्वांत जास्त दुःखी असतात तेव्हाच ते सर्वांत जास्त गातात.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधी जॉन ब्राउन नावाच्या एका गोऱ्या माणसाने गुलामांच्या हाती शस्त्रे देण्यासाठी सरकारी शस्त्रागारावर छापा घातला होता. तो फसला आणि ब्राउन यांना फाशी झाली. उत्तरेकडील सैनिक एका जुन्या भजनाच्या चालीवर त्यांचे गाणे म्हणत कूच करीत. नोव्हेंबर १८६१ मध्ये ज्युलिया वॉर्ड हौ या कवयित्रीने ते ऐकले. या चालीला अधिक चांगले शब्द लिहा, असे बरोबरच्या धर्मगुरूंनी सुचवले. पहाटे वॉशिंग्टनच्या हॉटेलात त्यांना जाग आली आणि ओळी सुचू लागल्या. त्यांनी अंधुक उजेडातच, कागदाकडे नीट न पाहता, त्या उतरवून काढल्या. लहान मूल जागे होऊ नये म्हणून दिव्याशिवाय लिहिण्याची त्यांना पूर्वीपासून सवय होती. 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक' ते हेच गीत.

युद्ध संपले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पुढल्या वर्षी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. सैन्याच्या रिकाम्या, मोडक्या बराकींत ती भरे. काही वर्षांतच पैसा संपला आणि शाळा बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा तेथील खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी एक धाडस केले. नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते गावोगावी गाण्याचे कार्यक्रम करायला निघाले.

सुरुवात अवघड होती. हॉटेलात खोली मिळत नसे. पोटापुरते पैसेही जमत नसत. दोनच दिवसांनी शिकागो शहराला भीषण आग लागली. सिनसिनाटीच्या कार्यक्रमात या मुलांना ५० डॉलरही मिळाले नव्हते, पण ती सारी रक्कम त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. मुलांनो, त्यांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, हे लक्षात घ्या.

प्रारंभी ही मुले त्या काळची लोकप्रिय गाणी म्हणत. आईवडिलांची गाणी परक्यांपुढे म्हणायला ती तयार नव्हती. त्या गाण्यांत गुलामीच्या आठवणी होत्या, आणि ती पवित्रही होती. तमाशा करण्याची ती वस्तू नव्हती. शेवटी भीतभीत त्यांनी ती गायली, तेव्हा श्रोते स्तब्ध झाले. लोक तीच गाणी पुन्हा मागू लागले. 'ज्युबिली सिंगर्स' म्हणून ही मंडळी प्रसिद्ध झाली. 'ज्युबिली' म्हणजे बायबलमध्ये सांगितलेले गुलामांच्या सुटकेचे वर्ष. १८७३ साली त्यांनी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियापुढे गायन केले. जमलेल्या पैशातून शाळेची भक्कम इमारत उभी राहिली. ती ज्युबिली हॉल या नावाने आजही उभी आहे.

विसाव्या शतकात वुडी गथ्री नावाचा गायक झाला. ओक्लाहोमाच्या बाजूला १९३० नंतर धुळीची वादळे उठली, शेते उजाड झाली आणि हजारो कुटुंबे घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे निघाली. गथ्री त्यांच्यातलाच. रेडिओवर तेव्हा अर्व्हिंग बर्लिन यांचे 'गॉड ब्लेस अमेरिका' सतत वाजे. उपाशी माणसे पाहून आलेल्या गथ्रीला ते गाणे खटकले. १९४० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात त्याने उत्तरादाखल 'धिस लँड इज युअर लँड' लिहिले. चाल अर्थातच एका जुन्या भक्तिगीताच्या वळणाची! पण बर्लिन यांनाही दोष देऊ नका. ते रशियातून लहानपणी आलेले ज्यू निर्वासित होते, आणि आसरा देणाऱ्या देशाविषयीची त्यांची कृतज्ञता खरी होती. गथ्रीच्या गाण्यात खासगी मालमत्तेच्या पाटीविषयी आणि मदतकेंद्रापुढे रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्यांविषयी कडवी आहेत. शाळेच्या पुस्तकांत ती बहुधा गाळली जात. १८ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामांच्या शपथविधीनिमित्त झालेल्या कार्यक्रमात ८९ वर्षांच्या पीट सीगर यांनी गाळलेल्या कडव्यांसह हे गाणे लाखो लोकांपुढे गायले.

हेच सीगर आपल्याला शेवटच्या गाण्याकडे नेतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरात सिगारेटच्या नव्हे, सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपात कृष्णवर्णीय स्त्रिया पुष्कळ होत्या. फाटकापाशी दिवसभर उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी जाताना एक जुने चर्चगीत म्हणायचे, असा त्यांचा क्रम होता. ल्युसिल सिमन्स ते फार संथ लयीत म्हणत. मूळ गीतात 'मी' होता, या स्त्रियांनी 'आम्ही' केले. त्यांच्याकडून ते टेनेसीतील हायलँडर शाळेच्या झिल्फिया हॉर्टन यांनी घेतले आणि १९४७ साली सीगर यांना शिकवले. पुढे 'विल' या शब्दाच्या जागी 'शॅल' आला आणि गाणे 'वुई शॅल ओव्हरकम' झाले. हा बदल सीगर यांच्या नावावर सांगतात. ते स्वतः मात्र म्हणत, की कदाचित तो सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने केला असेल.

१९५९ साली एका रात्री हायलँडर शाळेवर पोलिसांनी छापा घातला आणि दिवे घालवले. तेथे जमलेल्यांत जमिला जोन्स ही चौदा वर्षांची मुलगी होती. तुमच्याच वयाची. अंधारात सगळे हे गाणे गुणगुणू लागले, तेव्हा तिने भीती वाटत नाही अशा अर्थाचे नवे कडवे जोडले. इतक्या मोठ्याने गायलाच हवे का, असे एका पोलिसाने तिला विचारले. त्याचा हात थरथरत होता, असे तिने पुढे सांगितले. ते कडवे गाण्यात कायमचे राहिले.

समान हक्कांच्या चळवळीत तुरुंगात, मोर्चात, चर्चमध्ये हे गाणे घुमले. मार्च १९६५ मध्ये सेल्मा गावी मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आठवड्याभरात, १५ मार्चला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेतील भाषणात या गाण्याचे शब्द स्वतः उच्चारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

हे गाणे तुम्ही ऐकले आहे, बहुधा गायलेही आहे. हिंदी कवी गिरिजाकुमार माथुर यांनी ते 'हम होंगे कामयाब' या नावाने आणले. 'कामयाब' हा शब्द तर तुमच्या घरातला. मराठीत आपण त्याला 'यशस्वी' म्हणतो. चाल मात्र बदलली नाही.

कायद्याने या गाण्याचे हक्क १९६० पासून सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावावर होते. त्याचा पैसा दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कामासाठी एका निधीत जाई. पुढे या हक्कांवर न्यायालयात दावा झाला. २०१८ साली तडजोड झाली आणि गाणे सर्वांसाठी मोकळे झाले. आता ते छापायला किंवा चित्रपटात घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.