काळी पडली तरी चांदीच

जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात कुलदैवताचे टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा. दोन-तीन पिढ्या पूजेत असलेले टाक उजेडात धरून पाहिले तर बहुतेकांचे नाक-डोळे सपाट झालेले दिसतात. घोडा कुठे संपतो आणि स्वार कुठे सुरू होतो, तेही बोटाने चाचपावं लागतं. मग घरात लग्नकार्य निघालं की टाक सोनाराकडे जातात आणि उजळून किंवा नवे घडवून परत येतात. देवांची ही झीज आपण काळाच्या माथी मारतो. पण तिच्यात मोठा वाटा राखेचा, रांगोळीचा आणि आपल्या हाताच्या जोराचा असतो. रोज थोडी थोडी अशी घरातली चांदी आपणच भक्तिभावाने मोरीत सोडलेली असते.

गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधी निरांजनं, ताम्हन, पळी-पंचपात्री, अत्तरदाणी, गुलाबदाणी, करंडा असा सगळा ऐवज कपाटातून बाहेर निघतो, तेव्हा तो काळवंडलेलाच असतो. तो उजळण्याच्या युक्त्याही घरोघरी वेगळ्या. कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी चिंचेचा कोळ, कुणी विभूती. यातली कुठली युक्ती चांगली आणि कुठली नुकसानीची, हे ठरवायचं तर आधी तो काळेपणा कशाचा असतो ते पाहायला हवं.

मळ नव्हे, चांदीच

लोखंड गंजतं ते ऑक्सिजन आणि ओलाव्यामुळे. चांदीला नुसत्या ऑक्सिजनने फारसं काही होत नाही. तिची ओढ गंधकाकडे. गंधकयुक्त वायू, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड, हवेत अगदी किंचित असला तरी चांदी त्याला धरते आणि तिच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. हवा दमट असेल तर हे लवकर घडतं. थर नवा असताना पिवळसर दिसतो. तो जाड होत जातो तसा तपकिरी, मग निळसर-जांभळा आणि शेवटी काळा होतो.

हा गंधक येतो कुठून? नाल्यातून, गटारातून, खाडीच्या चिखलातून. उकडलेल्या अंड्यातून, कांदा-लसणातून, लोकरीतून, रबरातून. कोकणात उन्हवऱ्यासारख्या गंधकाच्या गरम कुंडात चांदीची अंगठी घालून उतरलं तर ती तिथेच काळवंडते. फटाक्यांच्या दारूतही गंधक असतोच. त्यामुळे धनत्रयोदशीला लखलखीत केलेली चांदी दिवाळी संपेपर्यंत पुन्हा पिवळसर दिसू लागली, तर घासणाऱ्याला बोल लावू नये.

काळी पडली म्हणजे भेसळीची, हा समजही खरा नाही. अगदी शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते. ९२५ छापाच्या चांदीत साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबं असतं आणि तांबंही काळवंडतं. म्हणून ती जरा लवकर रंग बदलते, एवढंच. उलट वर्षानुवर्षं उघड्यावर राहूनही जिला काही झालं नाही अशी ‘चांदी’ एकदा तपासून घ्यावी. ती जर्मन सिल्व्हर असू शकते. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या त्या मिश्रणात चांदीचा अंशही नसतो.

आता मुख्य हिशेब. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदी असते आणि गंधक फक्त १३ टक्के. म्हणजे आपण ज्याला मळ समजून खरवडतो, तो शंभरातले सत्याऐंशी भाग आपलाच माल असतो. सराफ बाजारात पेढ्यांसमोरची धूळ झाडून, धुऊन त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढणारे झारेकरी असतात. कणाकणाची किंमत त्यांना ठाऊक. आपल्या मोरीला झारेकरी नसतो.

घरातल्या युक्त्यांची परीक्षा

घरगुती उपायांचे तीन गट पडतात. पहिला गट घासणाऱ्यांचा: राख, विभूती, रांगोळी, राखुंडी, टूथपेस्ट. यांनी चांदी उजळते यात शंका नाही, पण ती थर खरवडून. चांदी मऊ धातू आहे. राखेतले सिलिकाचे कण तिच्याहून खूप कठीण असतात आणि भाताच्या तुसाची राख तर बरीचशी सिलिकाच असते. टूथपेस्ट दातांच्या कठीण आवरणासाठी बनवलेली असते, चांदीसाठी नव्हे. अशा घासण्याने बारीक चरे पडतात, नक्षीची धार जाते आणि मुलाम्याचं भांडं असेल तर खालचं पितळ डोकावू लागतं. घासायचंच असेल तर अगदी बारीक, वस्त्रगाळ खडूची पूड पाण्यात कालवून मऊ कापडाने, हलक्या हाताने लावावी. जुनी चांदी जपणारे संग्रहालयांतले तज्ज्ञही जिथे घासणं टळत नाही तिथे खडूच्याच जातीची, खास तयार केलेली अतिशय बारीक पूड वापरतात.

दुसरा गट आंबटांचा: चिंच, लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो केचप. ही मंडळी तांब्या-पितळेची. तांब्यावरचा काळा-हिरवा थर आम्लात विरघळतो, म्हणून चिंच लावताच तांब्याचा गडू गुलाबी होतो. सिल्व्हर सल्फाइड मात्र असल्या सौम्य आम्लांना दाद देत नाही. चिंचेने चांदी उजळल्यासारखी वाटते ती बरीचशी आपल्या चोळण्याने, आणि थोडी चांदीतल्या तांब्याचा डाग निघाल्यामुळे.

तिसरा गट फेसाचा: रिठा आणि सौम्य साबण. यांनी काळेपणा जात नाही. पण तेल, तूप, हळद-कुंकू, घाम यांची पुटं निघतात आणि चांदीला इजा होत नाही. निम्म्या वेळा आपली चांदी काळी नसतेच, नुसती तेलकट असते. म्हणून पहिली पायरी नेहमी हीच: कोमट पाण्यात रिठा, मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, कोरडं सुती फडकं. एवढ्याने काम भागलं तर तिथेच थांबावं.

गंधक सोडवून घेण्याची रीत

न घासता काळेपणा घालवायचा उपाय स्वयंपाकघरातच आहे: ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. गंधकाला चांदीपेक्षा ॲल्युमिनियम अधिक जवळचं. दोन्ही धातू सोड्याच्या गरम पाण्यात एकमेकांना टेकले की गंधक चांदीला सोडतो, ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी पुन्हा चांदी होते. ॲल्युमिनियमवर एरवी ऑक्साइडचं कवच असतं. ते सोडा सैल करतो, शिवाय पाण्यातून वीज वाहायलाही मदत करतो. ही छोटीशी बॅटरीच असते.

कृती सोपी आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्याला आतून फॉइल लावा, चकचकीत बाजू वर असो की खाली. तेल-कुंकू काढलेल्या वस्तू त्यावर अशा मांडा की प्रत्येक वस्तू फॉइलला टेकेल. न टेकलेली वस्तू काळीच राहील. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे सोडा हे प्रमाण पुरतं. सोडा भुरभुरून वर उकळतं पाणी सावकाश ओता, फसफसून वर येतं. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा उतरतो. वस्तू एकदा चिमट्याने उलटवा. थर जाड असेल तर नवी फॉइल, नवं पाणी घेऊन पुन्हा करा. घरात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, जुनं, अडगळीतलं पातेलं असेल तर फॉइलचीही गरज नाही, पातेलंच ते काम करतं. ते आतून काळं पडेल, मग त्यात स्वयंपाक करू नये.

या वेळी सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो सुटलेला गंधक. खिडकी उघडी ठेवावी. नंतर वस्तू साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसाव्यात. चांदी आधी थोडी पांढुरकी, निस्तेज दिसते, कारण परत मिळालेली चांदी पृष्ठभागावर बारीक सच्छिद्र थरासारखी बसते. मऊ फडक्याने हलकेच पुसलं की झळाळी येते. सगळीच्या सगळी चांदी जागेवर परत बसते असं नाही, पण राखेने होणाऱ्या नुकसानीपुढे ही तूट किरकोळ.

इथे हात आवरा

सगळ्याच वस्तू या पाण्यात टाकू नयेत. ऑक्सिडाइज्ड दागिने मुद्दाम काळे केलेले असतात. त्यांच्या नक्षीतली काळी छटा निघाली की दागिना बोडका दिसतो. मोती, पोवळं, फिरोजा, मीनाकारी, डिंकाने बसवलेले खडे यांना उकळतं पाणी सोसत नाही. मोती आणि पोवळ्याला तर लिंबू आणि चिंचही वर्ज्य, कारण आम्लात ते विरघळू लागतात. आत लाख किंवा राळ भरलेल्या पोकळ मूर्ती गरम पाण्यात घातल्या तर आतला भराव मऊ होऊन बाहेर येतो. जुन्या शालू-पैठणीची चांदीची जरही गंधकामुळेच काळवंडते, पण तिच्यावर घरी कुठलाच प्रयोग नको.

आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटातले राणीछाप रुपये. ब्रिटिश अमदानीतल्या या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आलं आणि १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी जुन्या नाण्यावरची काळसर झाक ही त्याच्या अस्सलपणाची खूण, आणि घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. रुपये साध्या पाण्याने धुऊन, टिपून पूजेला ठेवावेत.

काळी पडू नये म्हणून

चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नये, डबीला रबरबँड लावू नये, लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवू नये. या तिन्हींतून गंधक मिळतो. वस्तू पूर्ण कोरडी करून धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, हवा काढून झिपच्या पिशवीत घालावी आणि सोबत सिलिका जेलची पुडी किंवा खडूचे दोन तुकडे ठेवावेत, म्हणजे ओल ओढली जाते. मीठ किंवा मिठाचे पदार्थ चांदीच्या भांड्यात रात्रभर राहू देऊ नयेत, त्याने पडणारे खड्डे कशानेच भरत नाहीत.

चांदीची खरी निगा मात्र वापरात आहे. रोज हाताळली, धुतली, पुसली जाणारी वाटी कपाटातल्या वाटीपेक्षा कितीतरी उशिरा काळी पडते. तेव्हा चांदी बाहेर काढा, तीत जेवा, प्या, पूजा करा. वर्षातून एक-दोनदा सोड्याचं पाणी पुरे. आणि मोरीतला तो राखेचा डबा बागेत रिकामा करा. झाडांना ती मानवते.