तंगुसात अडकलेले पक्षी : उपचार आणि आपले साहाय्य

पूर्वी मासेमारीची जाळी सुताची अथवा तागाची असत. टाकून दिली तरी ती कालांतराने कुजत. आज त्यांची जागा नायलॉनच्या जाळ्यांनी व तंगुसाने घेतली आहे. हा दोरा कुजत नाही आणि पाण्यात सहसा दिसतही नाही. हिवाळ्यात मध्य आशियातील पठारांवरून कोकण किनाऱ्यावर उतरणारे कुरव, तसेच येथील बगळे व पाणकावळे त्यात गुंततात.

अशा पक्ष्यास, दोरा कापून, जागीच सोडून देण्याकडे दयाळू माणसांचा कल असतो. तसे करू नये, ही आमची पहिली विनंती. आवळलेल्या दोऱ्याने पायाचा रक्तप्रवाह रोखलेला असतो व त्याची हानी पुष्कळदा काही दिवसांनी उघड होते. चोचीतून लोंबणाऱ्या दोऱ्याच्या टोकाशी गिळलेला गळ असू शकतो. दोरा ओढल्यास अन्ननलिका फाटते. मुळाशी कापल्यास गळाचा माग हरवतो. म्हणून हातभर दोरा राखूनच तो तोडावा. पक्ष्यावर कापड टाकून त्याला धरावे. बगळा डोळ्यांवर चोच मारतो, तेव्हा चेहरा दूर ठेवावा. हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवून, अन्नपाणी न भरवता, वनखात्यास कळवावे व त्वरित उपचारासाठी आणावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्षी घरी बाळगता येत नाही.

रुग्णालयात प्रथम ऊब व द्रव देऊन पक्ष्यास स्थिर केले जाते; त्यानंतर क्ष-किरण तपासणी होते. त्वचेत रुतलेल्या गळाचे टोक पुढे काढून, उलटा काटा कापून, उरलेला दांडा मागे घेतात. गिळलेल्या गळासाठी भूल देऊन दुर्बिणीचा अथवा शस्त्रक्रियेचा अवलंब करावा लागतो.

खरी कसोटी त्यापुढील शुश्रूषेची असते. टणक जमिनीवर पाणपक्ष्यांच्या छातीस व तळपायांस जखमा होतात, म्हणून मऊ अंथरूण लागते. गोठवलेल्या माशांतील ‘ब-१’ जीवनसत्त्व घटते, ते वेगळे द्यावे लागते. पिसांतून पाणी आत झिरपू लागल्यास पक्षी गारठतो. म्हणून पोहण्याची व उडण्याची परीक्षा झाल्यावरच त्याला मुक्त करतात. आपल्या देणगीचा मोठा भाग या न दिसणाऱ्या दिवसांवर खर्च होतो.

प्रतिबंधाचे फळ निश्चित मिळते. ब्रिटनमध्ये गळाच्या शिशाच्या वजनांमुळे हंसांना विषबाधा होत असे. १९८७ मध्ये अशा बहुतेक वजनांच्या विक्रीवर बंदी आली व पुढे हंसांची संख्या वाढली. आपल्या किनाऱ्यावरही तुटलेला तंगूस गोळा करून आणण्याची सवय लागली, तर आमच्याकडे येणारे रुग्ण कमी होतील. तो दिवस यावा, यासाठी आपले साहाय्य असेच लाभावे, ही नम्र प्रार्थना.