जिन्याखाली सापडलेल्या वह्या

गेल्या ऑक्टोबर महिन्यात माझ्या पुतणीचा इटलीतील फ्लॉरेन्स शहरातून दूरध्वनी आला. ती पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकते आणि विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका सत्रासाठी तिकडे गेली होती. ‘जेवलीस का, थंडी किती आहे’ या नेहमीच्या वळणाने बोलणे सुरू झाले, परंतु मध्येच तिने विचारले, “मोठे काका, पणजोबांच्या पेढीच्या जुन्या वह्या आपल्याकडे आहेत ना?” बँकेत तीन तपांहून अधिक काळ जमाखर्च तपासण्यात घालविलेल्या मला या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ते का देता आले नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आर्थिक इतिहास हा तिच्या अभ्यासक्रमातील एक विषय. त्या विषयाच्या प्राध्यापकांनी निरनिराळ्या देशांतील चौदा विद्यार्थ्यांना घेऊन आठवडाअखेरची एक सहल आखली होती. शुक्रवारी सिएना आणि शनिवारी प्रातो. दोन्ही गावे फ्लॉरेन्सपासून जवळच. सामान्य प्रवासी तेथे चर्च आणि चित्रे पाहावयास जातात. या मुलांना मात्र हिशेबाच्या वह्या पाहावयाच्या होत्या.

सिएना हे टेकडीवर वसलेले, विटांच्या तांबूस रंगाचे गाव. तेथील शिंपल्याच्या आकाराच्या चौकात नगरसभेची जुनी इमारत उभी आहे. तिच्या एका दालनात आम्ब्रोज्यो लोरेंझेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रे रंगविली. चांगल्या राज्यात दुकाने उघडी आहेत, माल लादलेली जनावरे शहरात येत आहेत, वेशीबाहेर शेते पिकली आहेत. वाईट राज्यात बाजारच उठला आहे. राज्य करणारे नऊ जण ज्या दालनात बसत, त्याच्याच भिंतींवर ही चित्रे काढलेली होती, हे पुतणीने आवर्जून सांगितले.

याच गावात 1472 मध्ये स्थापन झालेली ‘मोंते देई पास्की’ ही बँक आहे. आजही चालू असलेली ही जगातील सर्वांत जुनी बँक मानली जाते. गरजूंना वाजवी दराने कर्ज मिळावे, या हेतूने नगरशासनाने ती काढली. पाच शतके टिकलेल्या या बँकेचा गुंतागुंतीच्या व्यवहारांतील दडलेला तोटा 2013 मध्ये उघडकीस आला आणि अखेर 2017 मध्ये इटलीच्या सरकारला भांडवल घालून तिला सावरावे लागले. माझ्यासारख्या जुन्या बँकरला ही हकिकत ऐकताना वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. बँकेच्या वयावर ठेवीदाराचा विश्वास बसतो. तो टिकतो मात्र तिच्या खऱ्या ताळेबंदावर.

पुतणीला सर्वांत आवडल्या त्या तेथील अभिलेखागारातील लाकडी फळ्या. सिएनाच्या खजिन्याच्या कार्यालयास ‘बिक्केर्ना’ म्हणत. दर सहा महिन्यांचा हिशेब पुरा झाला की त्या वहीस लाकडी पुठ्ठा लावीत आणि त्यावर नामांकित चित्रकारांकडून चित्र काढून घेत. अशी सर्वांत जुनी उपलब्ध फळी 1258 सालची आहे. तिच्यावर खजिनदाराचे काम पाहणारा एक मठवासी साधू दाखविला आहे. पुठ्ठ्यांवर त्या सहामाहीतील अधिकाऱ्यांची कुलचिन्हे रंगविलेली असत. हिशेब कोणाच्या कारकिर्दीतला, हे वही न उघडताच कळावे, अशी ही व्यवस्था.

रात्रीचा मुक्काम सिएनातच होता. सूर्यास्तापूर्वी जेवणारी, कांदा-लसूण न खाणारी ही मुलगी, म्हणून आम्हाला काळजी होती. परंतु उपाहारगृहाच्या मालकीणबाईंनी नुसत्या टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलातला पास्ता वेळेआधी करून दिला. प्रातोची बदामी बिस्किटे मात्र प्रसिद्ध असूनही तिला खाता आली नाहीत, कारण त्यांत अंडे असते. तेथे घरून नेलेले खाकरे कामी आले.

प्रातो येथे त्यांनी फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याचा वाडा पाहिला. याची कथा व्यापारी घरांनी ऐकावी अशी आहे. 1348 च्या प्लेगमध्ये आईवडील गेले, तेव्हा हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा होता. थोड्याच काळात तो दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यो येथे गेला आणि तेथे व्यापारात नावारूपास आला. 1383 मध्ये तो गावी परतला. पुढे पिसा, फ्लॉरेन्स, जिनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि माजोर्का येथे त्याच्या पेढ्या चालत होत्या. लोकर, कापड, मसाले, हुंड्या, विमा असे त्याचे नाना व्यवहार. लुका पाचोली यांनी द्विनोंदी पद्धतीचे विवेचन असलेला आपला ग्रंथ 1494 मध्ये छापला. दातिनीच्या पेढ्यांत त्या पद्धतीने हिशेब त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी लिहिले जात होते. त्याच्या वह्यांच्या आरंभी ईश्वराचे आणि नफ्याचे नाव जोडीने लिहिलेले असे. हे वाचून पुतणीला आपल्या वहीपूजनातील ‘शुभ-लाभ’ आठवले आणि वर्गातील मुलांना तिने ते फळ्यावर लिहून दाखविले.

दातिनी साधुपुरुष नव्हता. चिलखते व शस्त्रे यांचा व्यापार त्याने केला, आणि अहिंसा मानणाऱ्या आपल्या घरातील मुलीला ते खटकले. पण ते तिला कळले तेही त्याच्याच वह्यांतून. त्याने आपल्या व्यवहाराचा एकही कागद टाकून दिला नाही आणि परगावच्या मुनिमांनाही टाकू दिला नाही. सर्व कागद आपल्या घरात जपून ठेवावेत, अशी त्याची इच्छा होती. 1410 मध्ये तो निवर्तला. पत्नी मार्गेरिताला मूल झाले नव्हते. आपल्या संपत्तीचा मोठा भाग, सुमारे 70,000 सोन्याचे फ्लोरिन, त्याने गावातील गरिबांसाठी स्थापिलेल्या संस्थेस दिला.

कागद मात्र विस्मरणात गेले. पुढे 1870 मध्ये गावातील काही अभ्यासू नागरिकांना ते त्याच वाड्यात, जिन्याखालच्या धुळकट कोनाड्यात पोत्यांत भरलेले सापडले. सुमारे 1,50,000 पत्रे आणि 500 हून अधिक हिशेबवह्या! मध्ययुगातील व्यापारी कसा राहत होता, काय खात होता, पत्नीशी कशावरून भांडत होता, हे आज जगाला ठाऊक आहे ते त्या पोत्यांमुळे. ती ठेवण्यात कोणाचे काही कर्तृत्व नव्हते. कोणी ती फेकली नाहीत, एवढेच.

येथे पुतणीचा प्रश्न आला, आणि मला 1996 साल आठवले.

सांगलीस आमच्या आजोबांची हळदीची अडत होती. वडिलांच्या पश्चात धाकटा बंधू ती पाहू लागला. त्या वर्षी दुकानाचे नूतनीकरण होऊन संगणक आला. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्यांची चळत होती. तिचे काय करावे, असे त्याने मला विचारले. मी बँकेतला अधिकारी, मुदत संपलेले दस्तऐवज नष्ट करण्याच्या याद्यांवर सही करणारा. मी म्हणालो, “कायद्याची मुदत केव्हाच संपली. ठेवून काय करायचे?” दोन हातगाड्या भरून वह्या रद्दीत गेल्या. त्या दिवशी घर मोकळे झाल्याचे समाधान मला वाटले होते, हेही मी लपवीत नाही.

आज त्यांतील एकच वही हवीशी वाटते. 1972 च्या दुष्काळानंतरची दिवाळी. मी पंधरा वर्षांचा होतो. वहीपूजनाच्या आदल्या रात्री आजोबा जुन्या खतावणीतील नावे वाचीत आणि वडील बाकी नव्या वहीत उतरवीत. मधूनच एखाद्या नावाशी आजोबा थांबत आणि म्हणत, “याची बाकी पुढे ओढू नकोस.” वडील मान खाली घालून पुढचे नाव घेत. अशी किती नावे होती, रकमा किती होत्या, कोणकोणत्या गावचे ते शेतकरी होते, मला सांगता येत नाही. आजोबांनी ते कधी कोणाला सांगितले नाही. लिहिलेले होते ते फक्त वहीत.

पुतणीला मी हे सारे खरे सांगितले. ती काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, “एकही उरली नाही का?”

मी भावजयीस विचारले. तिने देवघराजवळच्या पेटीतून रेशमी फडक्यात बांधलेली एक वही काढली. पहिल्या पानावरील कुंकवाचे स्वस्तिक पाहून आईने ती रद्दीत जाऊ दिली नव्हती. 1954 ची कीर्द. मण, शेर, रुपये, आणे, पै. आणि सारे मोडीत. घरात कोणालाच वाचता येईना. जानेवारीपासून मी मोडीच्या वर्गाला जातो. वर्गातील सर्वांत वयस्कर विद्यार्थी मीच. पुतणीही आता परतली आहे. रविवारी आम्ही दोघे भिंग घेऊन बसतो. आजवर दोन पाने लागली आहेत.

सुज्ञ वाचकहो, येत्या दिवाळीच्या साफसफाईत आपल्याही माळ्यावरून एखादी वही खाली येईल. ती रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा दाखवा आणि त्यांना आठवेल ते लिहून घ्या. जागा नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, जुने कागद जपणाऱ्या संस्थेकडे विचारणा करा. आणि आपली मुले शिक्षणासाठी परदेशी असतील, तर सुट्टीत तेथील बाजारपेठांबरोबर एखादे जुने दप्तरही पाहण्यास त्यांना सांगा. ती परत येऊन असा प्रश्न विचारतील, तेव्हा आपल्याकडे उत्तर असावे.