गुंजेचा एकोणिसावा भाग

सोनेतारणाच्या टेबलावर ज्यानं नोकरीची वीस-बावीस वर्षं काढली, त्याची नजर कुठंही गेला तरी आधी तराजूवर जाते. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला गेलो होतो. शेजारच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत एक सत्तरीचे गृहस्थ नाकावर चष्मा ओढून एका इवल्याशा काट्यावर काहीतरी तोलत होते. सराफच असावेत असं वाटून मी थबकलो. ते तोलत होते बंदुकीची दारू.

हे गृहस्थ यंत्रशाळेतून निवृत्त झालेले. पावसाळी ढगासारखे अबोल, पण काट्याबद्दल विचारलं की खुलायचे. त्यांची मापं ग्रेनची. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांना सांगितलं की आमचा तोळा म्हणजे तुमचे बरोबर १८० ग्रेन. मासा १५ ग्रेनचा, गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. त्यांची ५५ ग्रेनची गोळी म्हणजे पावणेचार माशांना थोडी कमी. आणि दारू ते तोलत होते ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे गुंजेच्या एकोणिसाव्या भागापर्यंत! आमची मैत्री तिथं जमली.

दुकानात तयार काडतुसं मिळत असताना हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर त्यांच्या बंदुकीत होतं. काडतुसाचं नाव ट्वेंटी-टू टू-फिफ्टी. रेमिंग्टन कंपनीनं ते १९६५ साली बाजारात आणलं. त्याआधी कितीतरी वर्षं हौशी कारागीर एका जाड काडतुसाचा गळा आवळून ते घरीच बनवत. गोळी चिमुकली, पण सेकंदाला साडेतीन हजार फुटांहून जास्त वेगानं सुटणारी. मात्र प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुका एकाच काडतुसावर वेगवेगळ्या खूश होतात. सख्ख्या जावांसारखंच म्हणा ना! म्हणून आपल्या बंदुकीला काय मानवतं ते आपणच शोधायचं. झाडलेलं पितळ साफ करायचं, जुनी केप काढायची, पितळ दाबून पुन्हा मापात आणायचं, लांबी वाढली असेल तर कातरायची, नवी केप बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. गोळी किती खोल बसवली, म्हणजे नळीतल्या पिळाच्या आट्यांपासून ती किती दूर राहिली, यावरही नेम हलतो. त्यातही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर खोली तीच. दोन्ही एकदम बदललं तर सुधारणा कशामुळे झाली हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

माझे आजोबा कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगून होते. दारू ते अंदाजानं भरत, आणि बार उडाला की डुकराआधी आजोबाच मागे पडत असं आजी सांगे. इथं अंदाजाला थारा नव्हता. पुस्तकात दिलेल्या कमाल मापाच्या बऱ्याच खालून सुरुवात करायची, थोडं थोडं चढायचं, प्रत्येक पायरीला झाडलेली केप चपटी झाली आहे का ते पाहायचं. कमाल माप पुस्तकात असलं तरी प्रत्येक बंदुकीला ते सोसेलच असं नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. हा नियम ऐकून मला हसू आलं. आमच्याकडे एका वेळी एकाच कर्जदाराची सोन्याची पुडी उघडायची असा दंडक होता. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी माळ्यावर दुकान थाटू नये.)

रोज काम सुरू करण्याआधी ते काट्यावर एक प्रमाण वजन ठेवत. काटा तोच, टेबल तेच, काल रात्री पाहिलेलं, तरी ठेवत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "रोज कशाला?" ते म्हणाले, "काटा चुकला तर तो सांगत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. १९९८ सालची गोष्ट. तालुक्याच्या शाखेत मी मॅनेजर होतो. एक बाई तारण ठेवलेल्या पाटल्या सोडवायला आल्या. पावतीवरच्या वजनापेक्षा पाटल्या दीड ग्रॅम कमी भरल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमच्यात कुणीतरी कानस फिरवली." मी चारचौघांत आवाज चढवला. हा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तो खोटं बोलत नाही, तुम्ही माणसांवर आळ घेता? बाई पाटल्या पदरात बांधून मुकाट निघून गेल्या. तीन आठवड्यांनी तपासनीस आले, त्यांनी प्रमाण वजन ठेवलं आणि काटा कमी दाखवत असल्याचं उघड झालं. पाटल्या पुऱ्या होत्या. बाईंचं गाव चौदा किलोमीटरवर होतं, एस.टी. थेट जायची. मी गेलो नाही. काटा दुरुस्त झाल्याची नोंद मात्र त्याच दिवशी केली.

रविवारी ते मला मैदानावर घेऊन गेले. शंभर यार्डांवर कागद, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली. पाच-पाच बार, मध्ये नळी गार व्हायला वेळ. पहिले चार बार एका चवलीखाली झाकतील असे बसले. पाचवा पाऊण इंच बाहेर. मी म्हणालो, "हा हाताचा दोष. चारच मोजा."

त्यांनी पाचही मोजले. परतताना गाडीत सांगितलं की असाच एक बार त्यांनी पूर्वी हाताच्या नावावर टाकला होता. तीच काडतुसं घेऊन रँचवर गेले. अडीचशे यार्डांवरच्या जनावराला गोळी लागली ती मागच्या भागात. पुढच्या दोन पायांवर ते बिळापर्यंत सरपटत गेलं आणि आत दिसेनासं झालं. ते बिळापाशी बराच वेळ बसून राहिले होते.

जनावर म्हणजे प्रेअरी डॉग. नावात कुत्रा असला तरी जात खारीची. उभं राहिलं तरी रुंदी तीन-चार इंच. बिळांनी कुरणं पोखरतं, गुरांचं गवत खातं, गुरांचे पाय मोडतात, असं रँचवाले म्हणतात. पण त्याच बिळांच्या आणि त्याच जनावराच्या आधारानं काळ्या पायांचा फेरेट जगतो. हा फेरेट नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९८१ साली वायोमिंगमधल्या मिटीट्सीजवळ एका रँचच्या कुत्र्यानं तो मारून आणला तेव्हा कळलं की तो अजून आहे. आज त्याची पैदास करणारं सरकारी केंद्र फोर्ट कॉलिन्सपासून फार लांब नाही. मी विचारलं, "मग मारताच कशाला?" त्यांनी बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं. "रँचवाला मित्र आहे. मी नाही गेलो तर तो विष घालतो." हे मला पुरतं पटलं नाही. त्यांनाही पटलं असावं असं वाटलं नाही.

त्या रात्री त्यांनी उरलेली चाळीस काडतुसं मोडायला काढली. हातोडीसारख्या एका हत्यारात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटते आणि दारू खाली सांडते. महिन्याची मेहनत. मी ताट धरून बसलो. दारू डब्यात परत गेली, गोळ्या खोक्यात. मग त्यांनी वही काढली. तारीख, दारू, खोली, पाच बारांचं माप, शेरा: रद्द. मी जुना बँकवाला म्हणून साक्षीची सही करा म्हणाले, थोडं गमतीनं.

पेन हातात घेतलं. पण सही करण्याआधी मी त्यांना ते प्रमाण वजन काट्यावर ठेवायला सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला आणि ठेवलं.