दंडावरचा सेन्सर आणि फोनची रेंज
टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावर साखर मोजणारा छोटा सेन्सर असतो. रात्री साखर उतरली की आईच्या फोनवर अलार्म वाजायला हवा. पण मूल त्याच कुशीवर झोपलं तर कधीकधी सिग्नलच तुटतो. असं का? ब्लूटूथची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे लहर साधारण १२.५ सेंमी लांब. तिच्या पाव लांबीचा अँटेना नाण्याएवढ्या डबीत दुमडून बसवावा लागतो. त्यात शरीर पाण्याने भरलेलं. ते लहरी शोषतं, शिवाय अँटेनाचा सूरही उतरवतं (वर्गात मी सैल झालेल्या तारेचं उदाहरण देते). म्हणून इंजिनिअर अँटेना त्वचेपासून काही मिलिमीटर वर उचलतात आणि त्याची जुळणी मोकळ्या हवेत न करता शरीरासारख्या द्रवाजवळ करतात. पालकांनी फोन सेन्सरच्याच बाजूला ठेवावा. मध्ये अंग आलं की रेंज कमी होते.