घडण्याचे वय कोणते?

उंची किती वाढली हे पाहण्यासाठी तुम्ही भिंतीला पाठ टेकून उभे राहता आणि डोक्याजवळ पेन्सिलीने खूण करता. अठरा-वीस वर्षांच्या सुमारास ती खूण वर सरकायची थांबते. मग मनाची वाढही तेव्हाच थांबते का? दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत घरोघरी जे बोलले जाते, त्यावरून तसेच वाटेल. जे काही व्हायचे ते याच वर्षी, नाहीतर कधीच नाही! विज्ञान मात्र निराळे सांगते.

एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) हे जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ. मन बालपणातच घडते, या विचारावर त्यांच्या काळात मोठा भर होता. एरिक्सन यांनी १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात मांडले, की माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत घडतच असतो आणि या घडण्याचे आठ टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर शरीर व मन वाढते, समाजाची अपेक्षाही बदलते आणि त्यातून एक नवा पेच उभा राहतो. मन आणि समाज या दोहोंशी निगडित म्हणून या वाढीला ‘मनोसामाजिक विकास’ म्हणतात.

हे आठ टप्पे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बोरिवलीतल्या किंवा मुलुंडमधल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यावर संध्याकाळी तासभर उभे राहा. तळमजल्यावर एक तान्हे बाळ रडते आणि आई धावत येऊन त्याला उचलून घेते. ‘हाक मारली की कोणी तरी येते’ हा विश्वास, हा पहिला टप्पा. दोन वर्षांची मुलगी ‘माझी मी!’ म्हणत उलटसुलट चपला घालते. तिला घालू दिल्या तर स्वावलंबन येते, सारखे हसले तर लाज आणि शंका, हा दुसरा. चार-पाच वर्षांची मुले खोक्यांची लोकल करून स्वतःच मोटरमन होतात. तो पुढाकार, तिसरा. चौथीतला मुलगा मन लावून नकाशा काढतो. आपल्याला काही तरी जमते ही भावना, किंवा जमत नाही हा न्यूनगंड, हा चौथा.

पाचवा टप्पा तुमचा. ‘मी कोण? मला काय व्हायचे आहे?’ हा त्यातला प्रश्न. नोकरीला लागलेली ताई लग्नाचा विचार करते आहे. दुसऱ्याशी मनापासून जवळीक साधणे की एकटे पडणे, हा सहावा. गच्चीवर मुलांचा फुकट अभ्यास घेणारे काका पुढच्या पिढीसाठी काही करू पाहतात; तो सातवा. आणि बाकावर बसलेले आजोबा गेलेल्या आयुष्याचा हिशेब मांडतात. त्यातून समाधान निघते की हळहळ, हा आठवा.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हे टप्पे म्हणजे आठ परीक्षा नव्हेत. विश्वास शंभर टक्के आणि अविश्वास शून्य, असे असूनही चालत नाही. अनोळखी माणसाने खाऊ दिला तर थोडा अविश्वास हवाच! महत्त्वाचा असतो तो तोल. शिवाय एखाद्या टप्प्यावर राहून गेलेले काम पुढेही करता येते.

याचा पडताळा एका खऱ्या आयुष्यात पाहू या. जुहू तारा रस्त्याने जाताना श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे आवार तुम्ही पाहिले असेल. या विद्यापीठाचे संस्थापक महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. ते एकशेचार वर्षे जगले.

१८७५ साली सतरा वर्षांचे धोंडो कोकणातल्या मुरूडहून घाट चढून, शंभरांहून अधिक मैल पायपीट करून साताऱ्याला गेले. तेथे त्यांना सरकारी परीक्षेला बसायचे होते. पण मूर्ती लहान. सतरा पुरी झालेली दिसत नाहीत, म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. परतीची वाट किती लांबली असेल याची कल्पना करा. पुढच्या वर्षी कोल्हापूरला ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, बी. ए. १८८४ मध्ये.

त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे लग्न किशोरवयातच झाले होते. म्हणजे ‘मी कोण’ या प्रश्नाआधीच सहाव्या टप्प्याची जबाबदारी अंगावर आली होती. टप्प्यांचा क्रम आणि वय समाजाप्रमाणे बदलते ते असे. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. आपण कोण आणि कशाच्या बाजूने, याचे उत्तर त्यांना वयाच्या पस्तिशीत असे किंमत मोजून द्यावे लागले.

पुढे १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ. हा सातवा टप्पा. १९३६ साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे ‘लुकिंग बॅक’ हे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. मागे वळून पाहणे हे आठव्या टप्प्याचे काम! पण त्याच वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्थाही सुरू केली. एकाच वर्षी मागेही पाहिले आणि पुढेही. टप्प्यांच्या सीमा वहीतल्या रेघांसारख्या सरळ नसतात, हे यावरून ध्यानात येईल. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले.

एरिक्सन यांच्या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. टप्पे मोजपट्टीने मोजता येत नाहीत आणि एका समाजाचे वेळापत्रक दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. तरी त्यातून पुढचे संशोधन झाले. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये पाचव्या टप्प्यासाठी दोन प्रश्न सुचवले: तुम्ही निरनिराळे पर्याय तपासून पाहिलेत का? आणि त्यांतला एक मनापासून स्वीकारलात का? ‘बाबा म्हणतात म्हणून इंजिनियर’ असे ठरवणाऱ्याने स्वीकार केलेला असतो, पण शोध घेतलेला नसतो. ‘अजून ठरले नाही, पाहतो आहे’ म्हणणारा मात्र शोध घेत असतो. तो मागे पडला, असे मुळीच समजू नये. शिक्षकांनीही हा फरक ध्यानी घ्यावा.

आता एक प्रयोग करा. घरातल्या किंवा शेजारच्या, साठीच्या पुढच्या तीन व्यक्तींना विचारा: ‘माझ्या वयाचे असताना तुम्हाला काय व्हायचे होते? काय झालात? आणि महत्त्वाचे वळण कोणत्या वर्षी आले?’ उत्तरांचा तक्ता करून वर्गातल्या सर्वांचे तक्ते शेजारी शेजारी लावा. ती वळणे कोणकोणत्या वयांत आली, हे मोजा. मनाच्या वाढीच्या खुणा करायची भिंत तुम्हाला तेथे सापडेल.